एर्दिग, मागच्या दारानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चेस्टरजवळ राहतो. भारतातून कुणी भेटायला आलं की मी त्यांना वेल्समधल्या एर्दिगला घेऊन जातो. आई-बाबा, मावशी, कॉलेजातले मित्र, सगळ्यांना नेऊन झालंय, आणि प्रत्येक फेरीत साधारण तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हा खटाटोप. मी वास्तुविशारद नाही, पण या घरावर माझा जीव आहे.

एर्दिग म्हणजे काय, आणि ते आहे कुठे?

ईशान्य वेल्समधल्या रेक्सम शहराच्या दक्षिणेला, मध्यापासून साधारण दोन मैलांवर असलेलं एका जमीनदार घराण्याचं हे घर. भोवती १,२०० एकरांचं रान आणि कुरणं, खाली क्लिवेदॉग नदी. घर सतराव्या शतकाच्या अखेरीचं. १७३३ ते १९७३ अशी २४० वर्षं ते यॉर्क घराण्याकडे होतं, आणि त्यानंतर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आलं. घराला पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूचा दर्जा आहे.

नाव कसं उच्चारायचं?

वेल्श लिपीत दोन 'डी' जोडून आले की उच्चार आपल्या 'द'च्या जवळ जातो, फक्त जीभ दातांना जरा सैल लावायची. म्हणून 'एर्दिग'. 'एर्डिग' म्हटलंत तर स्थानिक लोक हसून दुरुस्त करतात, राग मानत नाहीत.

हे घर बांधलं कोणी?

जोशुआ एडिसबरी नावाच्या गृहस्थानं. १६८२ साली तो डेनबीशायर परगण्याचा हाय शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, झाला, आणि मानाला साजेसं घर हवं म्हणून १६८३ मध्ये चेशायरमधल्या मिडलविचच्या टॉमस वेब या गवंड्याशी त्यानं करार केला. बांधकाम १६८४ ते १६८७ चाललं. आज आपण 'आर्किटेक्ट' म्हणतो तसा माणूस इथे नव्हता. आराखडा काढणं, माणसं लावणं, कामावर देखरेख करणं हे सगळं वेबकडेच होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. या घराचा पहिला कर्ता हाताला दगडाची सवय असलेला माणूस होता, आणि पुढेही घराची खरी ओळख कारागिरांनीच सांभाळली.

एडिसबरीला मात्र घर पेललं नाही. तो कर्जात बुडाला आणि घर हातचं गेलं. मग लंडनचा श्रीमंत वकील जॉन मेलर यानं ते घेतलं, वाढवलं, उत्तम सामानानं भरलं. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. १७३३ मध्ये तो वारल्यावर घर भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आलं. तिथून पुढे थोरल्या मुलांची नावं आलटून पालटून सायमन आणि फिलिप. वंशावळ वाचताना माणूस गोंधळतोच, त्यामुळे मी खाली शक्यतो साल देतो.

याला वाडा म्हणायचं का?

माझी आई वाडाच म्हणते. पण आपला वाडा चौकाभोवती बसतो. बाहेरून भिंत, आत उघडं आकाश, आणि घराचं तोंड आतल्या बाजूला. एर्दिगचं उलट आहे. मधे चौक नाही, घर एका लांब ठोकळ्यासारखं उभं आहे आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या बाहेर, रानाकडे आणि बागेकडे बघतात. एक शब्द मात्र उपयोगी पडतो, तो म्हणजे 'खण'. वाड्याची लांबी खणांत मोजतात तशी इथल्या दर्शनी भिंतीची लांबी खिडक्यांच्या खणांत मोजतात. वेबचं मूळ घर नऊ खणांचं. मेलरनं १७२० च्या दशकात दोन्ही टोकांना दोन-दोन खणांचे भाग जोडले आणि घर तेरा खणांचं झालं. बागेच्या टोकाला उभे राहून मोजा. आधी मधले नऊ मोजले की नंतरची जोड आपोआप डोळ्यांत भरते.

एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला विटा, असं का?

पावसामुळे. वेल्समध्ये पाऊस बहुतेक पश्चिमेकडून, वाऱ्याबरोबर तिरपा येतो. एर्दिगची मुख्य प्रवेशाची बाजू नेमकी पश्चिमेला आहे, आणि नव्वद वर्षांत तिथल्या विटा खराब झाल्या. पहिल्या फिलिप यॉर्कनं १७७० च्या दशकात जेम्स वायट या त्या काळच्या नामांकित वास्तुविशारदाकडून ही बाजू घडीव दगडानं मढवून घेतली. म्हणजे दगडाचं घर बांधलं नाही, विटांच्या घराला दगडाचा अंगरखा घातला. वायटनं मधे बेताचा त्रिकोणी माथा ठेवला आणि बाकी भिंत अगदी साधी.

खरं सांगायचं तर मला ही बाजू कोरडी वाटते. पूर्वेची, बागेकडची बाजू बघा. तिथे अजून जुनी तांबडी वीट आहे, वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्यांच्या ओळी आहेत, आणि सकाळचं ऊन पडलं की सगळी भिंत आतून तापल्यासारखी दिसते. एका घराची दोन तोंडं, मधे ऐंशी-नव्वद वर्षांचं अंतर.

आत मागच्या दारानं का नेतात? पुढचा दरवाजा बंद असतो का?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि माझ्या मते एर्दिग समजून घेण्याची किल्ली इथेच आहे.

पाहुण्याला आधी कामाच्या अंगणांतून जावं लागतं. सुताराचं दुकान, लोहाराची भट्टी, लाकूड कापायचा खड्डा, पागा, गाडीखाना, पावाची भट्टी, धुलाईघर. मग नोकरांच्या बाजूनं घरात शिरायचं, तळातल्या खोल्या बघायच्या, आणि शेवटी वर दिवाणखान्यांत. नॅशनल ट्रस्टनं १९७७ मध्ये घर लोकांसाठी उघडलं तेव्हा हा क्रम मुद्दाम ठरवला. त्या काळी अशा घरांत पाहुण्यांना भव्य जिन्यावरून थेट झुंबरांखाली नेत. इथे मात्र तुम्ही मालकासारखे येत नाही, कामाला येणाऱ्या माणसासारखे येता.

त्यामुळे वास्तू वेगळीच दिसते. मोठ्या घराचा दर्शनी भाग म्हणजे निम्मंच घर. उरलेलं निम्मं म्हणजे पाणी कुठून वर चढतं, कोळसा कुठे पडतो, चादरी कुठे वाळतात, राख कुठून बाहेर जाते. एर्दिगमध्ये हे निम्मं जवळजवळ शाबूत आहे, कारण यॉर्क मंडळींनी काहीच टाकून दिलं नाही. घरात आज सुमारे ३०,००० वस्तू आहेत.

करवतीचा खड्डा जवळून बघा. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक माणूस वर, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांमधे उभी लांब करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो आणि दिवसभर भुसा डोक्यावर घेतो. या इस्टेटीवरच्या फळ्या आणि तुळया अशा कापल्या जात.

धुलाईघरातली ती भली मोठी लाकडी पेटी कसली?

ती इस्त्री आहे! माझी आई तिथे दहा मिनिटं उभी होती, म्हणून हे सविस्तर लिहितो. पलंगाएवढी पेटी, आत दगड भरलेले. पेटीखाली लाकडाचे गोल रूळ. ओलसर चादर रुळाभोवती घट्ट गुंडाळायची, रूळ पेटीखाली सरकवायचा, आणि बाजूचं हँडल फिरवून पेटी पुढे-मागे लोळवायची. दगडांच्या भारानं चादर सपाट होते, निखारा लागत नाही की डाग पडत नाही. शेजारीच कपडे वाळवायच्या उंच चौकटी आहेत, ओढून बाहेर काढायच्या, कपडे टाकायचे आणि परत गरम कप्प्यात ढकलायच्या. आई म्हणाली, "खोली बांधतानाच कोणीतरी बायकांना विचारलेलं दिसतंय." तसं विचारलं होतं की नाही, हे कागदावर कुठे नाही. पण खोली बघून तिला तसं वाटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

स्वयंपाकघर एवढं उंच आणि वेगळं का?

आगीच्या भीतीनं. १७७० च्या दशकातलं हे 'नवं' स्वयंपाकघर मुळात घरापासून सुटं बांधलं होतं, जोड नंतर आली. एका भिंतीत दगडी कमानींखाली चुली, आणि उजेडासाठी मधे कमानदार व दोन्ही अंगांना अरुंद अशी तीन भागांची मोठी खिडकी. अशी खिडकी लोक तेव्हा दिवाणखान्याला लावत. ती स्वयंपाकघराला लावली, यातच मला पहिल्या फिलिपचा स्वभाव दिसतो.

नोकरांची चित्रं कोणती? लोक त्यांच्याबद्दल इतकं का बोलतात?

श्रीमंत घरात पूर्वजांची तैलचित्रं असतातच. एर्दिगमध्ये तळमजल्यावर, नोकरांच्या जेवणाच्या खोलीत, नोकरांची तैलचित्रं आहेत. पहिल्या फिलिपनं १७९० च्या दशकात डेनबीच्या जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून ती काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः पद्य रचलं. सुतार एडवर्ड प्रिन्स आहे, शिकारीचा राखणदार आहे. आणि जेन एब्रेल आहे. १७९३ साली ती ८७ वर्षांची होती. जाळी-जळमटं काढायचं काम तिचं, आणि चित्रात हातात झाडू घेऊन ती बसलीय. चेहऱ्यावर कसलाही संकोच नाही.

पुढच्या पिढ्यांनी प्रथा चालू ठेवली. १८५२ मध्ये कॅमेरा आला तेव्हा नोकरांचे फोटो काढले, हातात आपापल्या कामाची अवजारं देऊन. पगार आणि कामाचे तास त्या काळी इतरत्र होते तसेच कठीण असणार, आणि चित्र काढलं म्हणून कष्ट हलके होत नाहीत. तरीही या भिंतींमुळे एक गोष्ट झाली. घर कोणी उभं ठेवलं, त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. अशा शेकडो घरांबद्दल हे म्हणता येत नाही.

वरच्या खोल्यांत काय चुकवू नये?

मुख्य दिवाणखाना बागेकडे आहे. दोन खोल्यांमधली भिंत काढून तो १७७० च्या दशकात मोठा केला. जेवणाची खोली १८२६-२७ ची, वास्तुविशारद टॉमस हॉपरची. खांब संगमरवरी वाटतात, पण ते रंगीत प्लास्टर घोटून घोटून आणलेलं रूप आहे. याच हॉपरनं उत्तर वेल्समध्ये पेन्रिन कासल बांधला, नॉर्मन किल्ल्याच्या थाटाचा, अंगावर येणारा. तोच माणूस एर्दिगमध्ये इतका शांत राहिला, हे मला आवडतं.

मेलरच्या काळचा, १७२० चा शाही पलंग बघायलाच हवा. त्यावर चिनी रेशमाचं भरतकाम आहे, पक्षी आणि फुलं. छप्पर गळायला लागलं तेव्हा पाणी थेट त्यावर पडत होतं. दुरुस्तीसाठी तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेला होता.

आणि गॅलरीत काचेखाली दोन छोट्या इमारती आहेत. एक चिनी पॅगोडा, दुसरी सीरियातल्या पाल्मिराच्या भग्न देवळांची प्रतिकृती. १७६७ आणि १७७३ मध्ये त्या एलिझाबेथ रॅटक्लिफनं बनवल्या. ती चेस्टरच्या घड्याळजीची मुलगी, घरातल्या बाईसाहेबांची दासी. शिंपल्याचा पापुद्रा, अभ्रक आणि चर्मपत्र एवढ्यावर तिनं मोडके खांब, ढासळलेल्या कमानी, दगडांवरचं गवतसुद्धा उभं केलं. ती पाल्मिराला कधी गेली नव्हती. नाक काचेला टेकवून बघा. वायट आणि हॉपर यांच्या घरात मला सगळ्यात थक्क करणारं बांधकाम हेच वाटतं.

घर खचलं होतं, हे खरं का?

खरं. रेक्समच्या आसपासची जमीन कोळशाची. १९४७ मध्ये ब्रिटनच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्यानंतर जवळच्या बर्शम खाणीतून थेट घराखालचा कोळसा काढला गेला. खालून थर काढून घेतला की वरची जमीन बसते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. एर्दिगचं एक टोक सुमारे ५ फूट खाली गेलं, दुसरं त्याहून कमी. लांबच लांब घर, एक बाजू जास्त बसलेली. भिंतींना तडे गेले, छपराचे सांधे उघडले, पन्हळींचा उतार उलटा झाला आणि पावसाचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत आलं. बाहेरून घर उभं दिसत होतं. आत बादल्या मांडलेल्या असत.

त्या काळात घरात शेवटचे दोन यॉर्क बंधू. सायमन १९६६ मध्ये गेला. धाकटा फिलिप एकटा राहिला. घरात वीज नव्हती. बागेतलं गवत कापायला माणूस नव्हता, मेंढ्या चरायच्या. पैसे नव्हते, तरी त्यानं एक खुर्चीही विकली नाही. १९७३ मध्ये सगळं घर, सामानासकट, त्यानं नॅशनल ट्रस्टला दिलं. अट एकच, इथलं काही बाहेर जाता कामा नये.

कोळसा मंडळाकडून १,२०,००० पौंड भरपाई मिळाली. ती पुरणार नव्हतीच. इस्टेटीतली ६३ एकर जमीन घरबांधणीसाठी विकून सुमारे दहा लाख पौंड उभे राहिले, आणि त्यातून काम झालं. इस्टेटीची जुनी सुतारशाळा पुन्हा सुरू करून बरंचसं लाकूडकाम तिथेच केलं. घराच्या दुरुस्तीची अवजारं घरातच होती, नुसती धूळ झटकायची होती. १९७७ मध्ये प्रिन्स चार्ल्स यांच्या हस्ते घर खुलं झालं तेव्हा फिलिप हयात होता. तो पुढच्याच वर्षी गेला. बर्शम खाण १९८६ मध्ये बंद झाली.

खोल्यांत इतका अंधार का?

पडदे ओढलेले असतात कारण जुन्या रेशमाला आणि चिनी भिंतकागदाला ऊन सोसत नाही. शिवाय यॉर्क मंडळींच्या काळात वीज कधी आलीच नाही. डोळे सरावायला पाच मिनिटं लागतात. तेवढी द्या. मोबाईलचा टॉर्च लावू नका.

बागेबद्दल काय सांगाल?

घरापासून सरळ रेषेत पाण्याचा लांब कालवा, दोन्ही बाजूंना लिंडन झाडांच्या रांगा, आणि टोकाला लोखंडी जाळीचं फाटक. ही रचना अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. पुढे सगळ्या इंग्लंडमध्ये अशा सरळ रेषांच्या बागा मोडून 'नैसर्गिक' वळणाची उद्यानं करायची लाट आली. एर्दिगमध्येही विल्यम एम्स नावाचा उद्यानरचनाकार आला. त्यानं पश्चिमेकडचं रान आखलं, पण घराजवळची जुनी बाग शिल्लक राहिली. आज ती दुर्मीळ आहे. भिंतींना टेकवून चपट्या वाढवलेल्या सफरचंदांच्या आणि नाशपातींच्या झाडांसाठी वसंतात या.

कालव्याच्या टोकाचं फाटक जवळून बघा. ते मुळात इथलं नाही, रेक्समजवळच्याच स्टान्स्टी पार्क या दुसऱ्या इस्टेटीवरून १९०८ मध्ये आणलं. बर्शमजवळच्या रॉबर्ट डेव्हिस या लोहाराचं ते काम मानतात. लोखंडाची पानं इतकी पातळ ठोकलीत की वाऱ्यानं हलतील असं वाटतं.

रानात खाली एक नवल आहे, नाव 'कप अँड सॉसर', म्हणजे कपबशी. एम्सनं १७७४ मध्ये केलेलं. ओढ्याचं पाणी दगडी गोल बशीत पसरतं आणि मधल्या विहिरीसारख्या भोकात चारही बाजूंनी पडतं. तिथे ओढा दिसेनासा होतो आणि थोड्या अंतरावर बोगद्यातून पुन्हा बाहेर येतो. लहान मुलांना इथून हलवणं अवघड. मलाही.

हे खरोखर वेल्श घर आहे का? दिसतं तर इंग्लिश.

रास्त प्रश्न. रेक्सम सरहद्दीवर आहे. एर्दिगच्या रानातूनच वॉट्स डाइक हा मध्ययुगाच्या सुरुवातीचा मातीचा बांध जातो, सुमारे ४० मैलांचा. गवंडी चेशायरचा, वकील लंडनचा, शैली इंग्लंडात रुळलेली. पण पहिल्या फिलिप यॉर्कनं वेल्सच्या जुन्या राजघराण्यांचा अभ्यास केला, त्यावर १७९९ मध्ये पुस्तक काढलं, आणि त्या घराण्यांची ढालचिन्हं लावलेली एक खोली घरात केली. मला वाटतं, घर सरहद्दीचं आहे असं म्हणावं. दुसरं वेल्श नमुन्याचं घर बघायचं असेल तर कॉन्वीमधलं प्लास माउर बघा, सोळाव्या शतकातलं, पायऱ्या-पायऱ्यांच्या माथ्यांचं. 'प्लास' म्हणजे वेल्शमध्ये मोठं घर, हवेली.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो सुखद नाही. एडिसबरी ज्यांच्या कर्जात बुडाला त्यांत एलिहू येल होता. १६८७ ते १६९२ मध्ये मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत राहून खासगी व्यापारावर गबर झालेला. त्याच्या कारकिर्दीत मद्रास बंदरातून गुलामांचीही निर्यात झाली. त्याच्या कुटुंबाचं घर, प्लास ग्रोनो, एर्दिगच्या शेजारीच होतं, आणि त्याची कबर रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात आहे. एर्दिगमध्ये लाखकामाचा, लाकडी फळ्यांचा एक घडीचा चिनी पडदा आहे, येलनं एडिसबरीला भेट दिलेला. अशा पडद्यांना 'कोरोमांडल' म्हणतात, कारण ते चोळमंडलच्या किनाऱ्यावरून जहाजानं युरोपात जात. म्हणजे काम चीनचं, नाव आपल्या किनाऱ्याचं, आणि वस्तू वेल्समध्ये.

एकच तास हातात असेल तर?

दिवाणखाने सोडा. करवतीच्या खड्ड्यापाशी थांबा, धुलाईघरात जा, मग नोकरांच्या खोलीत जेन एब्रेलसमोर उभे राहा. वेळ उरला तर गॅलरीत पाल्मिरा बघून घ्या, आणि जाताना बागेच्या टोकाला जाऊन खण मोजा. मधले नऊ वेबचे.